टाकीवरची निहारिका

९ डिसेंबर २००१, रविवार

या वहीचा कागद खराब आहे. दुकानदाराला बजावून सांगितलं होतं की पांढरी दे, त्याने पिवळट दिली. ओळी इतक्या फिक्या छापल्यात की आहेत का नाहीत ते छापणाऱ्यालाच माहीत. परत करायला गेले तर म्हणतो, माँजी, ओळी तर एकदम गडद आहेत. खोटारडा. शेवटी मयूरीच्या दप्तरातला जाड काळा स्केचपेन घेतला. आजकाल बॉलपेनात शाईच भरत नाहीत.

जयभीम लिहायचा राहिला. तक्रार आधी सुचली त्याला मी काय करू. जयभीम.

मी रत्नमाला गुलाबराव तायडे, वय अडुसष्ट, शिक्षण तिसरी, मूळ बडनेऱ्याची. सध्या मुक्काम खातीपुरा, जयपूर, कारण रेल्वेने मुलाला इकडे फेकलं. मुलगा राजरत्न, सिग्नल खात्यात. सून स्वप्ना, तोंडाने गोड. नात मयूरी, नववीत, मराठी बोलते पण मध्येच हिंदीच्या रुळावर जाते. ही माहिती कुणासाठी लिहिली ते विचारू नये. वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. हरवली तर पोलिसांना कळावं, एवढंच. ह्यांच्या जुन्या युनिफॉर्मच्या पिशवीत ठेवणार आहे. तिथे कुणी हात घालत नाही.

वही काढण्याचं कारण: घरात माझ्याविरुद्ध कट शिजतो आहे. राजा म्हणतो मला मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, ऑपरेशन करू. मला काहीही झालेलं नाही. तांदूळ मीच निवडते. स्वप्ना माझ्यामागे पुन्हा निवडते, ती तिची हौस. सुई मीच ओवते. कंपन्यांनी सुयांची भोकं बारीक केली आहेत, म्हणून वेळ लागतो.

ठराव. एक, रोज लिहायचं. दोन, ऑपरेशन नाही. तीन, स्वप्नाशी बोलणं बंद. चार, लिहिलेलं परत वाचायचं नाही. मला माझं माहीत असतं.

११ डिसेंबर

काल लिहिलं नाही. ठराव मोडलेला नाही, थंडी होती.

शेजारची सुगनकंवर शिबिरात जाऊन डोळा करून आली. काळा चष्मा लावून दारात बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याचं पंचांग सांगते. मला म्हणाली, रतनबाई, थारे हनुवटीवर तीन केस आहेत. एवढ्यासाठी डोळे करायचे असतील तर नकोच बाप्पा. तिच्या नवऱ्याने गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ कबुतरांचा पिंजरा बांधला आहे. नवरा कबुतरं पाळतो, बायको गल्ली पाळते.

ठराव तीन मोडला. मीठ कुठे ठेवलं ते विचारावं लागलं. डबा माझ्यासमोरच होता म्हणे. डबे बदलते ती, मुद्दाम.

१४ डिसेंबर, शुक्रवार

मयूरीच्या शाळेत विज्ञानाच्या सोगानी सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठीत येईल ते आकाशात शोधायचं, महिनाभर बघायचं, वहीत नोंद करायची. कुणाला चंद्र आला, कुणाला गुरू. आमच्या पोट्टीला निहारिका. मला आधी वाटलं वर्गातली मुलगी असेल. तर तो आकाशातला धूर आहे म्हणे, ढगासारखा, आणि त्यात तारे जन्माला येतात. म्हणजे बाळंतिणीची खोली.

ती म्हणाली, मृग नक्षत्रात असते, आजी. मृग मला कुणी शिकवायचा नाही. लहानपणी थंडीत शेकोटीशी बसून बाप दाखवायचा. हरणाचे चार पाय, आणि मध्ये ओळीने तीन तारे, तो पोटात घुसलेला बाण. बाणाजवळ आणखी तीन बारीक तारे असतात, त्यातला मधला जो धुरकट दिसतो, तीच निहारिका.

दोघी गच्चीवर गेलो. मयूरीला काही दिसेना. म्हणे गल्लीतल्या खांबाचा उजेड, शिवाय धूर. डोळे टीव्हीने गेले पोरीचे, दुसरं काय.

१६ डिसेंबर, रविवार, संध्याकाळी साडेसात

सापडली.

पहिल्या झटक्यात. मयूरीने माझा हात धरून सुगनकंवरच्या टाकीकडे तोंड करून उभं केलं, की मृग तिकडून वर येतो. मग पुस्तक आणि टॉर्च घेऊन ती बसली पानं उलटत. मी नुसती मान वर केली आणि समोर निहारिका. टाकीच्या वर एक वीत, डावीकडे दोन बोटं. गोल, पिवळसर, कडा धुरकट, तूप लावलेल्या भाकरीसारखी. आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा मोठी. पुस्तकात लिहिलं आहे म्हणे, फार फिकट असते. लिहिणाऱ्याने डोळे तपासून घ्यावेत.

मयूरीने विचारलं कुठे. मी म्हटलं तिथे. ती म्हणाली, तिथे मतलब कुठे. मी बोटाने दाखवलं. ती बोटाकडे बघत राहिली, मग टाकीकडे, मग माझ्याकडे. मग म्हणाली, आजी, मला थंडी वाजते, आणि खाली गेली. माणूस हरला की त्याला थंडी वाजतेच.

१८ डिसेंबर

जेवताना जाहीर केलं. म्हटलं, ज्या बाईला शिकलेल्या लोकांना न दिसणारी निहारिका नुसत्या डोळ्यांनी दिसते, तिच्या डोळ्यांना सुरी लावायची भाषा या घरात करू नका.

राजा म्हणाला, ठीक आहे आई, शर्त लावू. सोगानी सरांच्या समोर निहारिका दाखवलीस तर ऑपरेशनचं नाव काढणार नाही. नाही दाखवता आली तर एकवीस जानेवारीला मुकाट्याने दवाखान्यात यायचं.

एवढ्या लवकर माझा मुलगा आयुष्यात कशाला तयार झाला नव्हता. लग्नालासुद्धा दोन वर्षं घेतली होती. स्वप्नाने तोंड वरणाच्या वाटीत घातलं, घाबरली असणार. मयूरीला ठसका लागला.

म्हणजे तारीख आधीच घेऊन ठेवली होती. कट म्हणजे आणखी काय असतं?

२० डिसेंबर, गुरुवार

आज लवकर वर गेले, सहालाच. निहारिका नव्हती. खुर्ची टाकून बसले. बरोबर साडेसहाला आली. हळूहळू नाही, एकदम. नव्हती आणि झाली.

मयूरीला सांगितलं. ती म्हणाली, आजी, तारे रोज चार मिनिटं आधी येतात, एक टाईम नसतो त्यांचा. मी म्हटलं, आमच्या उभ्या जन्मात बिफोर टाईम काही आलेलं नाही, तुझ्या आजोबांची गाडी सोडून. तुझे येत असतील आधी. माझी साडेसहाची आहे आणि साडेसहालाच येते.

तिने वहीत काहीच लिहिलं नाही. मत्सर आईकडून आला आहे.

२३ डिसेंबर, रविवार

सात वाजता लाईट गेली. सगळा खातीपुरा काळामिट्ट. मयूरी खूश, म्हणे आता मस्त दिसेल. आणि नेमकी आजच निहारिका नाही. बाकी तारे दिसतात म्हणे सगळ्यांना. अंधार फार झाला की वर धुकं धरत असावं.

पाऊण तासाने लाईट आली, तशी तीही आली. तिलासुद्धा माणसांची सोबत लागते. एवढ्या लांब एकटी राहायची म्हणजे काय चेष्टा आहे?

मयूरीने माझ्या खांद्यावर शाल टाकली. चांगली पोट्टी आहे. हरली तरी राग धरत नाही.

२५ डिसेंबर

मयूरीच्या हातावर चहा सांडला. मी कपातच ओतत होते, तिने ऐन वेळी कप हलवला. स्वप्नाने हात नळाखाली धरला आणि मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

फोड आला आहे. लहान आहे. उजव्या हाताला.

कप हलवला नसता तर काही झालं नसतं.

ही वही विकत घेतली तेव्हा ठीक होती, आता पानांच्या कडांना मळ लागलेला दिसतो. युनिफॉर्मच्या पिशवीचा रंग उतरत असेल.

२७ डिसेंबर, गुरुवार, दुपारी

झोप नाही म्हणून लिहिते.

ह्यांचं. हे इंजिनावर ड्रायव्हर होते. दर काही वर्षांनी मेडिकल व्हायचं, त्यात डोळ्यांचा तक्ता वाचायचा. पन्नाशीत ह्यांना खालच्या ओळी दिसेनात. मग कुणाकडून तरी तक्ता उतरवून आणला आणि पाठ केला. मी भिंतीशी कागद धरून उभी राहायची, हे म्हणायचे. मला इंग्रजी येत नाही, पण शेवटची ओळ अजून पाठ आहे. पी टी ओ झेड ई एल. दोनदा पास झाले.

तिसऱ्या वेळी तक्ता बदलला होता. ह्यांनी जुनाच म्हणून दाखवला, वरपासून खालपर्यंत, एकदाही न अडखळता. खोलीतले सगळे हसले म्हणे.

इंजिनावरून उतरवून लॅम्परूममध्ये बसवलं. कंदिलांच्या काचा पुसायच्या. सात वर्षं पुसल्या. घरी जेवायला बसले की ताटही पुसायचे. कुणाशी भांडण नाही, तक्रार नाही, नुसतं पुसत बसायचे.

डोळ्यात खोट निघाली की माणसाला साईडिंगला लावतात. मी बघितलेलं आहे. आता यावर जास्त लिहिणार नाही.

३० डिसेंबर, रविवार

आज पौर्णिमा. मयूरी म्हणाली, चंद्राच्या उजेडात निहारिका दिसायची नाही, आजी, वर जाऊ नको. मी गेले. चंद्र असून नसून सारखी, माझी ठणठणीत दिसली.

आणि नवीन गोष्ट. ती हलली. आतून काहीतरी पंखासारखं फडफडलं, दोन वेळा, आणि शांत झालं. खाली येऊन सांगितलं. मयूरीने पुस्तकातला फोटो काढला आणि स्वतःच बघत राहिली. फोटोत निहारिकेला खरंच दोन पंख आहेत, पक्ष्याने उघडावेत तसे. मी पुस्तक कधी बघितलं नव्हतं, त्यातलं सगळं मला एका रंगाचं दिसतं, छपाई वाईट. मग पंख मला कुठून कळले? आता तरी बोला.

राजा उठून बाहेर गेला. त्याला हल्ली खोकला फार येतो.

३ जानेवारी २००२

सोगानी सरांचा निरोप आला. चौदाला, संक्रांतीच्या सुट्टीत, संध्याकाळी दुर्बीण घेऊन येतो म्हणाले. मयूरीने सांगताना नजर खाली ठेवली होती. स्वप्ना म्हणाली, आई, तुम्हाला नको वाटत असेल तर सरांना नाही सांगू. काहून नको? मी म्हटलं, त्यांना जेवूनच जायला सांग.

नवीन ठराव. पाठांतर. दिसतंच आहे, पण ऐन वेळी माणसांसमोर बोबडी वळू नये म्हणून. टाकीच्या वर एक वीत. डावीकडे दोन बोटं. बाणाजवळ तीन बारीक तारे, मधला धुरकट. रंग पिवळसर. पंख दोन. सकाळी अंघोळ करताना तीनदा, रात्री झोपताना तीनदा.

८ जानेवारी, मंगळवार

जिन्याची शेवटची पायरी कुणीतरी कमी केली आहे. गुडघा फुटला. राजाला सांगितलं घरमालकाकडे तक्रार कर. तो जिना मोजून आला, म्हणाला आई, तेवढ्याच आहेत. मालकाला सामील दिसतो.

वही काढायला गेले तर पिशवीत उलटी होती. मीच उलटी ठेवली असणार. मळ वाढला आहे.

पाठांतर चोख. आज दळण निवडतानाही म्हणत होते. स्वप्नाने विचारलं, आई, काय म्हणताय. मी म्हटलं तुझं कौतुक.

१३ जानेवारी, रविवार

उद्याची तयारी. नऊवारी इस्त्रीची काढली आहे, पांढरी. भाषण तयार आहे. जिंकल्यावर आधी राजाला माफ करायचं, मग थोड्या वेळाने स्वप्नाला. एकाच दिवशी दोघांना नको, सवय लागते.

सुगनकंवरलाही सांगून ठेवलं आहे, उद्या साडेसातला आपल्या गच्चीवर ये आणि तुझ्या त्या नव्या डोळ्यांनी बघ, जुने डोळे काय करतात ते. ती म्हणाली, रतनबाई, थे रोज म्हारी टाकीकडे काईं देखो हो? मी म्हटलं उद्या कळेल.

शेवटचं पाठांतर केलं. एकदाही अडखळले नाही.

१५ जानेवारी, मंगळवार, पहाटे

काल काय झालं ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण वहीला काय, कुणी वाचत नाही.

सगळा खातीपुरा गच्चीवर होता. दिवसभर पतंग, वो काटा, वो मारा, भोंगे. अंधार पडल्यावर पोरांनी पतंगाच्या मांज्याला कागदी कंदील बांधून वर सोडले. सगळ्यांना आकाशात कंदील दिसत होते, मला तर भाकऱ्या. सोगानी सर वेळेवर आले. तरुण आहेत, पाया पडले. दुर्बीण तिपाईवर लावली. राजा, स्वप्ना, मयूरी, तिघंही पोलिसात जबानीला आल्यासारखी ओळीत उभी. पलीकडच्या गच्चीवर सुगनकंवर, काळा चष्मा रात्री पण.

सर म्हणाले, माताजी, आप बताइए. मी टाकीकडे तोंड केलं आणि सुरू केलं. वीत, बोटं, बाण, तीन तारे, धुरकट, पिवळसर, पंख दोन. एका दमात.

सर टाकीकडे बघत नव्हते. मान पार वर करून बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, माताजी, मृग तो वो रहा, बहुत ऊपर. महीने भर पहले टंकी के पास था. रोज चार मिनट, महीने में दो घंटे.

मी वर बघितलं. मला तिथे काही दिसलं नाही.

तक्ता बदलला होता.

तरीही मी म्हटलं, तुमचा मृग गेला असेल वर, निहारिका मागे राहिली. सर बिचारे सभ्य. म्हणाले, होऊ शकतं, अंधार करून बघू या, आणि सुगनकंवरला हाक मारून म्हणाले, बाईसा, आपका बल्ब ज़रा बंद कर दीजिए, आँखों में आ रहा है.

तिने बटन दाबलं. निहारिका गेली.

मी म्हटलं, गेली. मोठ्यांदा म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

भोंगे नेमके तेव्हाच थांबले. सुगनकंवरला वाटलं तिचं काही चुकलं, तिने परत बटन दाबलं. निहारिका आली. परत दाबलं. गेली. पिंजऱ्यातली कबुतरं जागी झाली आणि गुटुर्गू करत पंख फडफडवायला लागली. थंडीत त्यांना ऊब मिळावी म्हणून तिच्या नवऱ्याने लावला आहे तो. साठ वॉटचा. वर दुधी प्लास्टिक बांधलं आहे दवासाठी.

एकही जण हसला नाही. हसले असते तर मी घरातून निघून गेले असते. बडनेऱ्याचं तिकीट मला पासावर मिळतं.

सर जेवून गेले. पिठलं चांगलं झालं होतं म्हणाले. ते मी केलं नव्हतं.

१६ जानेवारी

पूर्ण विचार करून खालील निष्कर्ष. एक, बल्ब असला तरी मला दिसला, म्हणजे डोळे चालू आहेत. दोन, खरी निहारिका बल्बच्या मागे असू शकते, कुणी तपासलेलं नाही. तीन, शर्त लावताना आकाश हलतं हे मला लेखी कळवलं नव्हतं.

निष्कर्ष राजाला सांगितले. तो म्हणाला, हो आई, सोमवारी सकाळी सातला निघू.

दुपारी सुगनकंवर गजक, म्हणजे इकडची तिळाची वडी, घेऊन आली. आपल्यात संक्रांत नसते, पण गजकाचं काय, तोंड आहे. तिने चष्मा काढला आणि म्हणाली, शिबिरातून ती दोनदा पळून आली होती. दुसऱ्या वेळी बसच्या टपावरून. मग म्हणाली डॉक्टर गप्पा मारत राहतो, आपण उत्तर देत राहायचं, तेवढ्यात होतं. जाताना विचारलं, बल्ब चालू ठेवू का रोज, थाने आदत पडली होगी. बाई आगाऊ आहे. पण उठून दारापर्यंत सोडायला गेले.

मयूरीचा फोड गेला. डाग राहिला आहे म्हणे. मला दिसला नाही.

सोमवारी जाणार आहे. शर्त हरले म्हणून जाते आहे, घाबरत नाही म्हणून नाही.

२५ जानेवारी

उजवा डोळा झाला. एका डोळ्याने, तोही जुन्या, लिहिते आहे. वाकायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही. स्वप्ना डोळ्यात थेंब घालते, दिवसातून सहा वेळा. तिचा हात थरथरत नाही. माझी मान थरथरते.

डॉक्टरने गप्पा मारल्या. नवरा काय करायचा विचारलं. मी म्हटलं ड्रायव्हर, इंजिनावर. लॅम्परूमचं सांगायच्या आत झालं.

तीन आठवडे वहीला हात लावायचा नाही अशी मला ताकीद आहे. वही आहे हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

१० फेब्रुवारी, रविवार, रात्री साडेआठ

निहारिका पाहिली. खरी. सोगानी सरांनी दुर्बीण मयूरीकडे ठेवली आहे, त्यातून.

काही नाही त्यात. ओल्या फडक्याने पाटी पुसल्यावर जो पांढुरका डाग राहतो ना, तेवढी. पिवळी नाही. पंख शोधले, अर्ध्या पंखाएवढं काहीतरी आहे. मी विचारलं एवढीच? मयूरी म्हणाली एवढीच. हा उजेड दीड हजार वर्षांपूर्वी निघाला तो आता पोचला म्हणे. म्हणजे लेट गाड्यांत पहिला नंबर. बल्ब किती बरा होता. तरी दोनदा बघितली. तिसऱ्यांदा बघायला गेले तर मयूरीचा हात दुर्बिणीवर होता, आणि डाग दिसला. अंगठ्याजवळ, मसुराच्या डाळीएवढा. कप तिने हलवला असता तर चहा अंगठ्यावर पडला नसता.

खाली येऊन वही काढली. ठराव चार मोडून पहिल्यापासून वाचली.

ओळी आहेत. चांगल्या गडद निळ्या. दुकानदाराची माफी मागावी लागणार. मी मात्र एकाही ओळीवर लिहिलेलं नाही. अक्षरं तिरपी चालत जाऊन पानाच्या कडेवरून खाली पडली आहेत.

आणि कडेचा तो मळ. तो मळ नाही. पेन्सिल आहे.

सोळा डिसेंबरच्या बाजूला मयूरीचं अक्षर: सॉरी आजी, स्केचपेन शोधत होती, वही सापडली. ती निहारिका नाही. सुगन आंटी का बल्ब है. सांगायची हिंमत नाही झाली.

त्याच्या खाली स्वप्नाचं: मयू, दुसऱ्याची वही वाचू नये. कोणता बल्ब?

त्याच्या खाली राजाचं, बापासारखं आखडलेलं: कबुतरांचा. वर जाऊन बघून आलो.

पहिल्या पानावर, ठराव तीन, स्वप्नाशी बोलणं बंद. बाजूला स्वप्ना: हे कधी सुरू होणार?

अठरा डिसेंबर, स्वप्ना: ओढून नेलं तर येणार नाहीत. स्वतः हरल्या तर येतील. कुणी हसायचं नाही. राजरत्न, तुम्ही खोकायचं पण नाही.

पंचवीस डिसेंबर, मयूरी: मी कप नव्हता हलवला, आजी. पण जास्त दुखलं नाही.

सत्तावीस डिसेंबर, लॅम्परूम. तिथे राजाने लिहिलं आहे: मी तेव्हा आतल्या खोलीत असायचो. मलाही पाठ आहे. पी टी ओ झेड ई एल. आणि खाली स्वप्नाने: यांना साईडिंगला कोण लावणार? लाईन यांची आहे, आपण सगळे यार्डात उभे आहोत.

आठ जानेवारी, राजा: उलटी मी ठेवली. घाई होती.

म्हणजे दोन महिने माझ्या खासगी वहीत तीन माणसं घर करून राहत होती, आणि मी त्यांना मळ समजत होते. मला दिसत नाही म्हणून पेन्सिल वापरली. हुशारी बघा. अशी हुशारी अभ्यासात दाखवली असती तर राजा आज स्टेशन मास्तर असता.

शेवटच्या पानाच्या कडेला आणखी एक नोंद आहे. डावा डोळा, अकरा मार्च, सोमवार, सकाळी सात. कंसात, आईंना अजून सांगितलेलं नाही.

तुम्ही हे वाचणार आहात हे मला आता माहीत आहे, म्हणून थेट लिहिते. अकरा मार्च ही तारीख कुणी कुणाला विचारून घेतली? उत्तर स्वप्नाने द्यायचं. मयूरीने मध्ये पडायचं नाही, राजाने खोकायचं नाही. इथेच खाली लिहायचं, पेनाने, आणि ओळीवर.